झाकणाची आतली बाजू

खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची टाकी तुम्ही कुणाच्या घरी नाही, तर निदान मोबाइलवरच्या एखाद्या रीलमध्ये तरी पाहिली असेल. निळसर उजेडात प्रवाळांचे मऊ हात हलत असतात, मधूनच एखादा केशरी क्लाउनफिश डोकावतो. या टाकीच्या माथ्यावर पुष्कळदा पॉलिश केलेल्या लाकडाची एक पेटी बसवलेली असते. तिला कॅनोपी म्हणतात. तिच्या पोटात दिवे, वायरी, पंखे, मिठाचे पांढरे थर असं सगळं असतं. ते दिसलं तर समोरचा समुद्र एकदम यंत्रासारखा वाटेल, म्हणून ते झाकायचं.

आता प्रश्न असा, की हे झाकणं म्हणजे फसवणूक आहे का? प्रश्न हौशी लोकांच्या टाक्यांपुरता नाही. हॉटेलातलं सजवलेलं ताट, लग्नाचा अल्बम, चकचकीत ऑफिस, सगळ्यांवर कुठे ना कुठे अशी एक पेटी असते. पण मोठा प्रश्न लहान वस्तूत नीट पकडता येतो, म्हणून आपण या लाकडी पेटीपाशीच थांबू.

ती बनते कशी ते आधी पाहू. तळ नसलेला एक खोका, पुढे उघडणारी फळी, मागे हवेला वाट. सुतारकाम अवघड नाही. एमडीएफ टाळतात, कारण ओल लागली की ते फुगतं. त्याऐवजी मरीन प्लाय किंवा घट्ट जातीचं लाकूड घेतात. बाहेरून रंग, मग पॉलिशचे हात, दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर. पाहुणा बाहेरच्या बाजूवर हात फिरवून ‘वा’ म्हणतो.

पण या पेटीचा शत्रू आत राहतो. दिव्यांची उष्णता वरून, पाण्याची वाफ खालून, आणि बुडबुडे फुटून उडणारे खारे तुषार सगळीकडून. तुषारातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ते सांध्यांत शिरतं, स्क्रूच्या डोक्याभोवती जमतं. प्लायची कापलेली कड सगळ्यात जास्त ओल पिते आणि थर तिथूनच सुटायला लागतात. म्हणून जाणते लोक आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त मन लावून करतात. इपॉक्सी किंवा पाण्याला दाद न देणारा पांढरा रंग, दोन-तीन हात, कडांना आणखी एक, स्क्रूच्या भोकांच्या आतही. पांढरा अशासाठी, की दिव्याचा उजेड वाया न जाता खाली पाण्यात जावा. मग रंग पूर्ण वाळू द्यायचा. हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. वास पुरता जाईपर्यंत, काही दिवस, कधी काही आठवडे, पेटी टाकीवर चढवायची नाही.

बिजागरीचीही तीच गोष्ट. पितळेची बिजागरी दिसायला छान, पण पितळेत तांबं असतं. खाऱ्या ओलीत ती गंजणार आणि तिचा अंश पाण्यात उतरणार. माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध चालतं, पण प्रवाळ, झिंगे, शंख-गोगलगायी यांना थोडंसं तांबंही विष आहे. म्हणून बिजागरी चांगल्या स्टेनलेस स्टीलची हवी. हे सगळं अशा जागी, जिथे कुणीही पाहणार नाही.

कुणी पाहत नसतानाही काम चोख करावं, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामागे सहसा दोन कारणं सांगितली जातात. एक, देव पाहतो. दोन, आपलं मन आपल्याला खातं. दोन्ही कारणांत नजर शेवटी करणाऱ्यावर आहे, तो पास झाला की नापास. कॅनोपी तिसरं कारण सांगते, आणि मला ते जास्त पटतं. आतली बाजू नीट करायची, कारण तिच्याखाली कुणीतरी राहतं. त्या जिवाला रंगाचा डबा वाचता येत नाही, बिजागरी तपासता येत नाही, तक्रार करता येत नाही, घर बदलता येत नाही. चोख कामाची कसोटी आपल्या आत्म्याच्या शुद्धीत नाही, त्या छताखालच्या जिवात आहे. भाड्याच्या खोलीतली वायरिंग करणारा, शाळेच्या मधल्या सुट्टीचं जेवण शिजवणारी, औषधाच्या बाटल्या भरणारा, हे सगळे कुणाच्या तरी डोक्यावरच्या पेटीची आतली बाजूच रंगवत असतात.

इथपर्यंत झाकण निर्दोष वाटतं. पण या छंदाच्या इतिहासात जरा मागे गेलं की तसं राहत नाही. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. समुद्र दूर, पंपाचा जमाना नव्हता, पाणी शिळं झालं की प्रवाळ मरणार. उपाय असा, की घरातल्या मोलकरणीने ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं. रोज अर्धा-पाऊण तास. प्रवाळ जगले. घरात समुद्र सांभाळण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत थिनबाईंचं नाव आदराने घेतलं जातं. ओतणारीचं नाव या कहाणीत येत नाही.

पुढे 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाटच उसळली. लोक किनाऱ्यावर जाऊन खडकांतल्या डबक्यांतून जे मिळेल ते उचलू लागले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये वडिलांवर लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात ती डबकी कशी ओरबाडली गेली हे खेदाने नोंदवलंय. म्हणजे सुरुवातीपासूनच दिवाणखान्यातल्या समुद्रावर दोन झाकणं होती. एकाखाली कुणाचे तरी हात, दुसऱ्याखाली रिकामा झालेला किनारा.

आज त्या हातांच्या जागी मोटर आहे. मोटर लाकडाखाली झाकली तर कुणाचं काही जात नाही, तिचं नाव पुसलं जात नाही. पण किनारा अजून झाकणाखालीच आहे. घरोघरी विकले जाणारे बहुतेक जातींचे समुद्री मासे आजही समुद्रातूनच पकडलेले असतात. क्लाउनफिशसारखे काही पिंजऱ्यात वाढवता येतात, सगळे नाही. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून मासे बधिर करून पकडायला सायनाइड वापरलं गेलं, आणि त्या विषाने आजूबाजूचे प्रवाळही मेले. प्रवाळांची गोष्ट थोडी बरी आहे. एका वसाहतीचा तुकडा तोडून चिकटवला की तो वाढतो, त्यामुळे अनेक देशांतले हौशी लोक एकमेकांच्या टाकीत वाढलेले तुकडे घेतात. आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रातून त्याचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. आणि खुद्द पेटीचं काय? प्लायवरचा गर्जनचा थर हाही कुठल्या तरी जंगलातूनच येतो.

मराठीत ‘झाकणं’ आणि ‘लपवणं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते बरं आहे. आपण दूध झाकतो, विहीर झाकतो, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतो. झाकण्यात राखणं आहे. लपवण्यात समोरच्याला कळू न देणं आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. मूठ उघडली तर किंमत उतरेल, म्हणून ती झाकलेली बरी. मग पेटी झाकते आहे की लपवते आहे, हे ओळखायचं कसं?

माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. ती उघडते का ते पाहावं. रोज वाफ होऊन पाणी कमी होतं, मीठ तेवढंच राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं. दिव्याच्या काचेवरचं मीठ पुसावं लागतं. टाकीवाला दिवसातून एकदा तरी झाकण उचलतोच, म्हणून आत काय आहे ते त्याला माहीत असतं. तोपर्यंत ते झाकण आहे. मासे कुठून आले, कुणी पकडले, कसे पकडले, हे विचारायचं ज्या दिवशी त्याने स्वतःच सोडलं, त्या दिवसापासून तो लपवतोय, आणि पहिल्यांदा स्वतःपासून.

कुणी म्हणेल, मग पेटीच नको. हल्ली तशा टाक्या मिळतातही, वरून मोकळ्या, दिवा नाजूक तारेने टांगलेला. दिसतात प्रामाणिक. पण वायरी आणि मोटर तिथे खालच्या कपाटात जातात, आणि उडी मारणारा मासा सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. सगळं उघडं ठेवणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. समुद्र घरात आणूच नका. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र जेमतेम एका अंशाने काही आठवडे तापलेला राहिला, तरी प्रवाळ पांढरे पडतात. जो माणूस घरातल्या दोनशे लिटर पाण्यासाठी त्या एका अंशावर पहारा देतो, त्याला बाहेरच्या समुद्राचं दुखणं इतरांपेक्षा लवकर कळू शकतं. पण कळू शकतं म्हणजे कळतंच असं नाही, आणि शिकण्यासाठी म्हणून दुसऱ्याचा जीव डब्यात ठेवायचा परवाना त्यातून मिळत नाही. म्हणून अट घालावीशी वाटते. टाकीतला प्रत्येक जीव कुठून आला, हे समोरच्याला मान वर करून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर टाकी रिकामी बरी.

शेवटी एक सुताराचा निर्णय उरतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. बिजागरी मागच्या कडेला लावून पुढची बाजू उचलता येते, किंवा मागूनच हात घालण्यापुरती फट ठेवून पुढची बाजू कायमची बंद करता येते. दुसरी पद्धत दिसायला जास्त सुबक. समोर एकही सांधा नाही, एकही रेघ नाही. तरी पुढून उघडणारी करावी. घरी आलेल्या एखाद्या मुलीने ‘वर काय आहे?’ असं विचारलं, तर टाकी न हलवता तिला दाखवता येईल.