आंधळ्या आतड्यातली वस्ती

आज मन अशा जागी नेऊ, जिथे ते आपणहून जाणार नाही. कोंबडीच्या पोटात. नाक मुरडावंसं वाटलं तर मुरडा, पण उठू नका.

दाण्याच्या मागोमाग सावकाश उतरा. चोच, गळ्याजवळची पिशवी, खड्यांनी दाणे भरडणारं जठर, मग लहान आतड्याची लांब वाट. ती संपते तिथे दोन्ही बाजूंना एकेक नळी फुटते. दोन्हींचं दुसरं टोक बंद. ही अंधांत्रं. इथे थांबा. इथे प्राणवायू जवळजवळ नाही, आणि ग्रॅमभर ऐवजात अब्जावधी जिवाणू आहेत. पोल्ट्रीत राबणाऱ्याला ही जागा बाहेरून ठाऊक असते. पांढऱ्या टोपीच्या नेहमीच्या शिटेत मधूनच चिकट, तपकिरी, उग्र वासाची शीट दिसते, ती इथली. नवखा माणूस तिला रोग समजून घाबरतो.

या अब्जावधींना आपण ओळखतो का?

इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या क्वाड्रम इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०२१ साली याचं उत्तर शोधलं. कोंबड्यांच्या विष्ठेचे ५० नमुने घेतले, आधी प्रसिद्ध झालेली शेकडो नमुन्यांची माहिती त्यांच्या जोडीला ठेवली आणि जिवाणू न वाढवता थेट त्यांचा डीएनए वाचला. शेकडो पोथ्या फाडून पानं एकाच पोत्यात भरावीत आणि मजकुराच्या धाग्यावरून एकेक पोथी पुन्हा लावावी, तसं हे काम. संगणकाने साडेपाच हजारांहून अधिक जनुकसंच जुळवले. त्यांत शेकडो जाती अशा निघाल्या, ज्यांना नावच नव्हतं. मग पक्षी, आतडं, विष्ठा अशा अर्थांचे लॅटिन तुकडे जोडून घाऊक नावं पाडली गेली. मला हा भाग मनापासून आवडतो. बारशाला इतकी गर्दी क्वचितच होत असेल, आणि नावात शेण आलं म्हणून कुणी रुसलंही नाही.

आता जरा वेळ यावर मन ठेवा: त्यांतल्या बहुतेकांना कुणी पाहिलेलं नाही. म्हणून त्यांच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ लागतं, म्हणजे अजून उमेदवार. बशीत प्रत्यक्ष वाढवता आल्या त्या नव्या जाती चाळिसांहून थोड्या जास्त.

आणि एक पिल्लू डोळ्यांसमोर आणा. इनक्युबेटरमध्ये फुटलेलं, स्वच्छ, आईविना. खुडूक कोंबडीखालचं पिल्लू तिच्या शिटेत चोच मारत ही वस्ती उचलतं. याच्यासमोर तशी शीटच नाही. आतडं रिकामं, आणि रिकाम्या जागेत साल्मोनेला हा रोगजंतू आधी शिरू शकतो. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज अशा पिल्लांना पाजला, तर साल्मोनेलाला तिथे सहज पाय रोवता येत नाही. त्या ऐवजात कोण कोण होतं, याची यादी तेव्हा कुणाकडेच नव्हती.

आज यादी पुष्कळ लांबली आहे. पण यादीतलं नाव पिल्लाला पाजता येत नाही. निवडक जिवाणूंचा डोस बनवायचा तर प्रत्येक जात जिवंत वाढवावी लागते, प्राणवायूपासून जपून, तिला काय खायला लागतं ते चाचपडत. त्या कामाला संगणकाचा वेग लागू होत नाही.