सावित्रीची सेवा आणि माझे पारायण

श्रीगुरुचरित्राच्या तिसाव्या अध्यायात माहूरच्या सावित्रीची कथा सुरू होते. नवऱ्याला क्षय, ती त्याची शुश्रूषा करते, डोलीत घालून गाणगापूरला आणते आणि तिथे पोचताच तो जातो. पुढे महाराज त्याला उठवतात. सप्ताहात हा भाग आला की आपले सगळे लक्ष त्या उठवण्याकडे. पण तो उठला नसता, तर तिची सेवा वाया गेली म्हणायची काय? तीन वर्षांपूर्वी कोलशेतच्या घरी मला हा प्रश्न पडला.

सौ.ला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टर म्हणाले, आता केमो नको, त्रास कमी ठेवू. मी पारायणाला बसलो. आतल्या खोलीत ती कण्हायची आणि अध्याय पुरा व्हावा म्हणून मी बाहेर आवाज चढवायचो. लिहायला लाज वाटते, पण खरे आहे.

मग दिवसाआड एक सिस्टर येऊ लागल्या, मुलीच्या वयाच्या. मॉर्फिनचे नाव ऐकून मी घाबरलो. म्हटले, "सवय लागेल. शिवाय नामस्मरणाच्या वेळी गुंगी नको." त्या म्हणाल्या, "काका, एवढं दुखत असताना काकूंना नाव तरी आठवतं का, विचारा ना त्यांनाच."

विचारले. तिने मान हलवली. नाही.

गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नसते, दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, हे मला तेव्हा कळले. सोबत पोट साफ होण्याचे औषध. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओठ ओल्या कापडाने टिपायचे. मी बँकेतला माणूस, वही घातली, वेळ आणि शिल्लक गोळ्या लिहू लागलो. चौथ्या दिवशी तिने आले घातलेला चहा मागितला. जपमाळ नंतर.

या उपचाराला जगात वळण देणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स मुळात नर्सच. त्यांनी 1967 साली लंडनला अशा रुग्णांसाठी संस्था काढली. आपल्याकडे वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातले असे पहिलेच. मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून 2014 साली कायदाही बदलला. हे सगळे असून घरोघरी माणसे कण्हतच असतात, कारण आपल्यालाच वाटते की सोसणे म्हणजे पुण्य.

कोणी म्हणतात, सिस्टर पैसे घेतात, मग सेवा कसली? पगार तर मीही घेतला, 36 वर्षे. पण समोरच्याचे काम होणार हे मला काउंटरवर ठाऊक असे. यांना ठाऊक असते की हा पेशंट बरा होणार नाही. तरी हातमोजे चढवून जखम धुतात, आणि धुताना पेशंटशी भाजीच्या भावावर बोलतात. फळाची आशा नको हे कीर्तनात पुष्कळदा ऐकले होते, डोळ्यांनी पाहिले ते तेव्हा.

भाविकहो, पारायण जरूर करा. फक्त बसण्याआधी आत जाऊन विचारा, दुखतंय का.

ती गेली त्या सकाळी सिस्टर आल्या. उरलेल्या गोळ्या मोजल्या, वहीत आकडा जुळवला आणि परत न्यायला पिशवीत ठेवल्या. मग तिचे केस विंचरले.

आता सप्ताहात तिसावा अध्याय आला की माझा वेग कमी होतो. डोली गाणगापूरला पोचेपर्यंतचा भाग मी सावकाश वाचतो.