तांब्या गार, पाट ऊबदार?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४

पौषात अकोल्याला घरी गेलो होतो. पहाटे पूजेला बसलो. पितळी तांब्याला हात लावला तर अंगावर काटा आला. लाकडी पाट मात्र ऊबदार वाटला. खरं तर रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोघांचं तापमान सारखंच! पितळ हातातली उष्णता झटकन ओढून घेतं, लाकूड हळूहळू. त्वचेला कळतो तो हा वेग, तापमान नव्हे.

शीत-उष्ण, सुख-दुःख विषयांच्या स्पर्शातून येतात आणि जातात. ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आमची प्रवरा पुढे ज्या नेवाशाला जाते, तिथे माउलींनी १२९० मध्ये हीच गीता मराठीत सांगितली.

माझी नोकरी गेली तेव्हा बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "बरं. घरी ये." किती थंड वाटले ते शब्द! वर्षभर मनात धरून बसलो. त्या पहाटे माझ्याआधी उठून त्यांनी बंब पेटवून ठेवला होता. बोलले काहीच नाहीत.

आज कुणाला 'थंड' ठरवण्याआधी एवढंच विचारूया : हे त्याचं तापमान, की माझ्या हाताला झालेला स्पर्श?

राम कृष्ण हरी.