आदर्शाचा अर्ज

सप्टेंबर उजाडला की आमच्या जिल्ह्यात नारळ महागतात. किराणा दुकानदार याचं कारण गणपती म्हणून सांगतात. तो त्यांचा भाबडेपणा. गणपतीला घरटी पाचसात नारळ लागत असतील. पण पाच तारखेच्या शिक्षक दिनाला किती नारळ फुटतात (फुटत नाहीत, नुसते हस्तांतरित होतात) याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. जिल्हा परिषद आदर्श शिक्षक निवडते, शिक्षकांच्या संघटना आपापले आदर्श वेगळे निवडतात, पतसंस्था आपल्या सभासदांतून निवडते, आणि या सगळ्यांतून जो कुणी निसटतो त्याला एखादं तरुण मंडळ गाठतं. सत्काराच्या नारळाला शेंडी असते ती धरून पुढे देण्यासाठी. एकच नारळ एका मोसमात तीन आदर्शांच्या हातांतून गेलेला मी पाहिला आहे. चौथ्याने तो फोडला तेव्हा आत पाण्याऐवजी कार्यक्रमांचा शीण भरलेला होता.

राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून त्यांचा वाढदिवस शिक्षक दिन म्हणून पाळतात. आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदाही १९६२ सालच्याच, १ मेच्या. म्हणजे सत्काराचा दिवस आणि सत्कार करणारी संस्था ही दोन्ही एकाच वर्षीची भावंडं. तेव्हापासून दोघांचं छान जमलेलं आहे.

सहा तारखेचा पेपर मी मुद्दाम चाळतो. एका ओळीत पंधरा माणसं उभी असलेला फोटो असतो. सत्कारमूर्ती ओळखायची खूण सोपी आहे. ज्याचा चेहरा सर्वांत कमी दिसतो तो सत्कारमूर्ती. बाकीचे चौदा शाल द्यायला आलेले असतात. खाली नावं असतात तीही त्यांचीच, आणि ओळ संपत आली की ‘आदी उपस्थित होते’ यातल्या ‘आदी’मध्ये कुठे तरी आदर्श शिक्षक असतो.

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं. कागद बदलले, जीभ मात्र अजून नगरच्याच स्टँडवर उतरते. तालुके चौदा. एका टोकाला अकोले, तिथे कळसूबाईच्या पावसात शाळेच्या भिंतींना ओल सुटते. दुसऱ्या टोकाला जामखेड, तिथली मुलं ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध ऐकीव माहितीवर लिहितात. जिल्हा परिषदेचा पुरस्कार साधारण तालुक्याला एक असा वाटला जातो. एकाच तालुक्यात दोन थोर शिक्षक निपजले तर त्यांतल्या एकाने बदली मागून घ्यावी, एवढाच उपाय.

पण माझी अडचण वेगळीच आहे. हा पुरस्कार मिळण्यासाठी प्रस्ताव द्यावा लागतो. पूर्वी प्रस्ताव वरून पाठवतात असं म्हणण्याची तरी रीत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय पुरस्काराने २०१८ सालापासून तोही पडदा काढून टाकला. शिक्षकाने स्वतःच, स्वतःच्या हाताने, स्वतःचं नाव सुचवायचं. एका परीने हा प्रामाणिकपणाच. तरीही प्रश्न उरतो तो उरतोच. आपण चांगले आहोत असा अर्ज चांगल्या माणसाने करावा काय? केला तर त्याच्या चांगुलपणातला थोडा तरी भाग त्या अर्जात खर्ची पडत नाही काय? आणि नाही केला, तर तो चांगला आहे हे बाकीच्यांना कळावं कसं?

आमचे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे थोरले बंधू, पाथर्डी तालुक्यात तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. आमच्या वहिनीसुद्धा. मी मेहुणा असूनही गुरुजीच म्हणतो, कारण ते माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की मला माझी नखं आठवतात. तर एका वर्षी केंद्रप्रमुख घरी आले आणि म्हणाले, “गुरुजी, यंदा तुमचा प्रस्ताव द्याच.” सोबत कोरा नमुना. त्याला काय काय जोडायचं? फोटो, दाखले, वर्तमानपत्रातली कात्रणं, पूर्वी झालेल्या सत्कारांची प्रमाणपत्रं. म्हणजे सत्कार होण्यासाठी आधी सत्कार झालेला असावा लागतो. पहिला सत्कार कसा होतो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. कोंबडी आणि अंडं यांच्यात निदान एकाला तरी शाल लागत नाही.

नमुन्यात एक रकाना होता, ‘उल्लेखनीय कार्य’. गुरुजी संध्याकाळी दिव्याखाली तो घेऊन बसले. तासाभराने मी डोकावलो. लिहिलं होतं, “रोज शाळेत गेलो.” आणि त्यावर काट मारलेली.

“का हो, काट का मारली?”

“दाजी, त्याचा तर पगार मिळतो,” गुरुजी म्हणाले.

शेजारच्या वस्तीवरच्या शिक्षकांचा प्रस्ताव मात्र वहिनींनी पाहिलेला होता. दोनशे फोटोंचा जाडजूड अल्बम. त्यात वृक्षारोपणाचे तीन फोटो, तीन वेगवेगळ्या वर्षांचे, तीन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते. रोप मात्र तेच. ते बिचारं वाढत का नव्हतं हे लक्षात आलं. दर वर्षी त्याला पुन्हा लावत होते.

फोटोची ही भानगड मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. शिकवणं फोटोत येत नाही. पाढे फोटोत येत नाहीत. जी मुलगी चार महिने तोंडातून अवाक्षर काढत नव्हती ती एक दिवस बोट ओळीवर ठेवून ‘क-म-ळ, कमळ’ म्हणते, त्या वेळी तिथे कॅमेरा धरायला दुसरं माणूस नसतं. आणि असतं, तर ती बोललीच नसती.

पाथर्डीकडची तऱ्हा तर आणखी निराळी. दसरा उलटला की तिथल्या वाड्यावस्त्यांवर कारखान्यांचे मुकादम फिरू लागतात. उचल आधीच दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाच्या जोडप्याला हत्याराचं नाव देऊन मोजणारा हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही. दिवाळीच्या सुमाराला कोयते बिऱ्हाडासकट ट्रकांत बसतात, मागे पोरंही बसतात, आणि शाळेची हजेरी अर्ध्यावर येते. ती पोरं उन्हाळ्यात परततात तेव्हा अक्षरं पाचटासारखी उडून गेलेली असतात. सरकारने हंगामी वसतिगृहांची सोय काढली आहे खरी. पण पोर मागे ठेवायचं तर आधी ते आईने ठेवायला हवं, आणि आजीने सांभाळायला हवं.

गुरुजींचा दसरा-दिवाळीचा काळ आज्यांची मनधरणी करण्यात जाई. एकेका ओट्यावर बसून ते आजीच्या गुडघेदुखीपासून सुरुवात करत आणि नातीच्या तिसरीवर येत. “म्हातारे, पोरीला ठेवून घे. तुला पाणी आणून देईल, मी तिला पाढे देतो.” काही आज्या ऐकत, काही गुरुजींनाच पाणी आणायला पाठवत. मुकादमाजवळ पैसे असत, गुरुजींजवळ चहाचं व्यसन सोडलं तर काही नसे. तरी दर वर्षी चारसहा पोरं ट्रकमधून उतरत.

आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पोर गेलं नाही, ही काय बातमी आहे? न घडलेल्या गोष्टीचं कात्रण जोडता येत नाही. डॉक्टर निदान बरा झालेला रोगी दाखवू शकतो. इथे जे व्हायचं ते टळलं, आणि टळलेल्या गोष्टीचा गुण असा की ती टळली हे तिचं तिलासुद्धा ठाऊक नसतं.

गुरुजींनी नमुना कोराच परत केला. नातेवाइकांत त्यांच्या निःस्पृहपणाची वाहवा झाली. वहिनींनी मात्र भांड्यांचा आवाज केला. “तुमचा मोठेपणा राहिला,” त्या म्हणाल्या, “पण पुरस्काराच्या निमित्ताने चार साहेब शाळेत आले असते. गळकं छप्पर त्यांच्या डोक्यावर गळलं असतं. एका मास्तरावर दोन वर्ग चाललेत ते दिसलं असतं. तुमची लाज पोरांच्या डोक्यावर गळतीय.”

यावर गुरुजींजवळ उत्तर नव्हतं, आणि माझ्याजवळही नाही. न मागण्यातही एक मिजास असते. मागणाऱ्याची मिजास निदान फोटोत दिसते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. तिथेही नावं सुचवावी लागतात, माहिती भरावी लागते. पण पैसे मिळाल्यावर त्यांनी त्यातले अर्धे अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकले. माहिती भरल्याने माणूस लहान होतो असं म्हणावं, तर हे उदाहरण आडवं येतं.

आणि समाज आपण होऊन दखल घेतो तेव्हा ती कशी घेतो, तेही आमच्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. मिस सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली अमेरिकेतून मुंबईस आल्या, पुढे नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली नगरातच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते या बाईंच्या नगरच्या संस्थेत. १८४८ पासून त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा रस्त्यात लोकांनी त्यांच्यावर शेण आणि दगड मारले. लुगडं खराब होई म्हणून त्या बरोबर दुसरं ठेवत. शेणासाठी कुणी प्रस्ताव मागवलेला नव्हता, फोटो जोडा म्हटलं नव्हतं. समाज आपण होऊन आला. मग १८५२ साली सरकारने पुण्यात विश्रामबागवाड्यात समारंभ करून जोतीरावांच्या अंगावर शालजोडी घातली. सरकार इंग्रजांचं होतं. आज राज्याच्या शिक्षक पुरस्काराला सावित्रीबाईंचंच नाव आहे, आणि त्यासाठी प्रस्ताव मागवतात. बाईंनी तो कसा भरला असता याचा मी विचार करतो. ‘उल्लेखनीय कार्य: दुसरं लुगडं.’

आपल्या जुन्या लोकांनी गुरूच्या ऋणाचा विचार बारकाईने केलेला दिसतो. देवांचं ऋण यज्ञाने फेडा, पितरांचं संततीने, आणि ऋषींचं? गाय द्या, सोनं द्या, शाल द्या असं म्हटलेलं नाही. ऋषींचं ऋण अध्ययनाने फेडायचं. शिकवणाऱ्याचं देणं शिकूनच फिटतं. दुसरं नाणं त्या दुकानात चालत नाही. शालीची मला भीती वाटते ती इथे. शाल घातली की गावाला वाटतं, चला, फिटलं! मग त्याच मास्तराला जनगणनेला पाठवायला, निवडणुकीला पाठवायला मन कचरत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यातलं २७ वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी वगळता इतर कामांना लावू नये असं सांगतं. एवढ्या तिहींतच मास्तराची बरीच चप्पल झिजते, आणि खिचडीचा तांदूळ मोजायचा राहतो तो राहतोच.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची गोष्ट सांगितली आहे. कौत्साचं शिक्षण संपलं. गुरू वरतंतू म्हणाले, तुझी सेवा हीच दक्षिणा, जा. कौत्स जाईना. दक्षिणा सांगाच म्हणून हटून बसला. तेव्हा गुरूला राग आला. चौदा विद्या शिकलास ना? आण चौदा कोटी! शिष्याने सत्काराचा आग्रह धरला आणि गुरू चिडला असं हे आपल्याकडचं सगळ्यांत जुनं प्रकरण असावं. पुढे कौत्स रघुराजाकडे गेला, राजाने सारं दान करून टाकलेलं होतं, कुबेराने सोनं पाडलं. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतले. उरलेलं लोकांनी लुटलं, ते आपल्याकडे दसऱ्याचं सोनं झालं. म्हणजे आपण आपट्याची पानं वाटतो ती गुरुदक्षिणेतून उरलेली मोड.

गुरुजी आता निवृत्त आहेत. निरोपाच्या वेळी गावाने त्यांना अकरा शाली दिल्या. नगरचा उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला अकरा शाली! वहिनींनी त्यांच्या गोधड्या शिवल्या. गेल्या दसऱ्याला मी तिकडेच होतो. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येत होती. त्यांत एक चाळिशीचा गडी आला, अंगाने दणकट, हात कोयत्याने घट्टे पडलेले, बरोबर आठनऊ वर्षांची मुलगी. तो गुरुजींच्या पाया पडला, पान पुढे केलं. गुरुजींनी हात मागेच ठेवला.

“एकोणतीस सत्ते?”

गडी घामाघूम झाला. “गुरुजी, आता ते मोबाइलवर होतंय की.”

“एकोणतीस सत्ते?”

“दोनशे… दोनशे दहा?”

“दोनशे तीन,” त्याच्या पाठीमागून मुलगी म्हणाली.

गुरुजींनी चष्मा नीट केला आणि बापाला सोडून तिच्याकडे वळले. “कितवीत?”

“तिसरीत.”

“बाप कधी निघतोय?”

“दिवाळी झाली की.”

“आणि तू?”

तिने बापाकडे पाहिलं. बापाने आपट्याच्या पानाकडे.

“आजीपाशी,” ती म्हणाली. “आजीचे गुडघे दुखत्यात.”