निनांवी थडगीं

मृत्यूपुढें सर्व सारखे, हें वाक्य आपण सहज उच्चारतों. पण तें शब्दशः खरें करून दाखविण्याचा यत्न करणारे थोडेच. इंग्लंडांतील क्वेकर पंथाची गणना त्यांत केली पाहिजे. या मंडळींनीं १६६१ सालीं लंडनच्या बनहिल फील्ड्सजवळ दफनभूमीसाठीं जागा विकत घेतली. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स यास १६९१ मध्यें तेथेंच पुरलें. त्याच्या आसपास तुरुंगांत मेलेले आणि १६६५ च्या प्लेगांत दगावलेले शेंकडों सामान्य जन आहेत. थडग्यावर दगड उभारणें म्हणजे मेल्यावरहि मान मिरविणें, असें या पंथाचें मत. म्हणून १७१७ मध्यें लंडनच्या वार्षिक सभेनें, असलेले दगडहि काढावे, असें सांगितलें.

हा त्याग थोर खरा. पण चिखलीस बसून त्याचा विचार करूं लागलों कीं एक शंका आम्हांस सोडीत नाहीं. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजास लखुजी जाधवरावांची भव्य समाधि आहे, आणि याच जिल्ह्यांतील मेहुणाराजा हें चोखोबांचें जन्मस्थान मानितात. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या चोखोबांच्या, असें ओळखून नामदेवांनीं त्या पंढरपुरास नेल्या, असें परंपरा सांगते. बाकीच्या अस्थींचें काय झालें? त्या मजुरांचीं नांवें कोणी पुसलीं नाहींत. तीं कोणी लिहिलींच नव्हतीं.

ज्यापाशीं नांव आहे त्यानें तें टाकणें हा विनय होय. ज्यास तें कधीं मिळालेंच नाहीं त्याचें निनांवी राहणें हा विनय नव्हे, तो अन्याय होय. दोन्हीं थडगीं वरून सारखींच दिसतात, एवढ्यावरून त्यांस सारखीं म्हणावें काय?

आमच्या घरीं वीस वर्षें राबलेली बाई वारली, तेव्हां मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनानें तिचें पूर्ण नांव विचारलें. आम्हांस तें सांगतां आलें नाहीं. समतेवर व्याख्यानें देणाऱ्या आमची मान त्या दिवशीं खालीं गेली.

क्वेकरांनीं दगड काढले, तरी मृतांच्या नोंदवह्या ते काळजीपूर्वक ठेवीत, हें येथें विसरतां कामा नये. पुढें १८५० मध्यें त्यांनीं साधे व एकसारखे दगड बसविण्यास मोकळीक दिली. यास कोणी माघार म्हणोत. आम्हांस ती त्या विचाराची परिपक्वता वाटते. समता सर्वांचें नांव काढून घेतल्यानेंहि साधते. पण प्रत्येकास सारखेंच नांव दिल्यानें जी साधते, ती अधिक न्याय्य होय. दगड लहान असो. पण त्याच्यावर कोणाचें नांव कोरावयाचें, हें जिवंतपणींच विचारून ठेविलें पाहिजे.