कल्याण भरले आहे, असे कोणी म्हटले असते तर?



काही दिवसांपूर्वी एक सद्भक्त मठात आले. त्यांच्या वसाहतीशेजारी मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांसाठी घरे बांधली जाणार आहेत. त्याला विरोध करणारा अर्ज पुढे ठेवून ते म्हणाले, "अप्पाजी, आपला आशीर्वाद असावा." पाणी आजच अपुरे आहे, रस्ता अरुंद आहे, ही त्यांची कारणे. हे भक्त सज्जन आहेत. अन्नदासोहात त्यांचा हात कधी आखडत नाही. त्या दिवशी आम्ही मौन राहिलो. ते मौन योग्य नव्हते, म्हणून हे लिहीत आहोत.

ज्याला घर आहे त्याने इतरांनाही घर मिळावे म्हणून झटणे, हे धर्माचे काम आहे की नुसते राजकारण?

12 व्या शतकातील कल्याण आठवा. परंपरा सांगते की मोळिगे मारय्या काश्मीरचे राज्य सोडून तेथे आले आणि मोळी विकून जगू लागले. डोहर कक्कय्या, नावाडी अंबिगर चौडय्या हेही त्याच शरणसमुदायात मिसळले. बसवण्णांच्या घराला 'महामने' म्हणत, म्हणजे मोठे घर. ते मोठे ठरले ते भिंतींमुळे नव्हे, उघड्या दारामुळे. "नगर भरले, आता कोणी येऊ नये," असे कल्याणच्या नागरिकांनी म्हटले असते, तर अनुभवमंटपात कोण बसले असते?

कोणी म्हणेल, शरणांनी तर स्थावरापेक्षा जंगम श्रेष्ठ मानले. मग विटा-मातीच्या घराची एवढी चिंता कशाला? त्यांनी निषेध केला तो स्थावराच्या अहंकाराचा. जो देह देवालय आहे, तो पावसात उघड्यावर पडलेला पाहून आपण मंदिराच्या कळसाची काळजी करावी काय? आणि जवळ निवारा नसेल तर कायक तरी कोठून होणार?

मुंबईतील पदपथवासीयांनी हेच न्यायालयात मांडले होते: काम जेथे आहे तेथेच आम्हांला राहावे लागते. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला; पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. तेव्हा भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रिया 'महिला मिलन' या नावाने एकत्र आल्या. त्यांनी रोजच्या मिळकतीतून थोडे थोडे साठवले, पूर्ण आकाराच्या घराचे नमुने उभारून दाखवले आणि अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलणी केली. पुढे त्यांतील अनेक कुटुंबे मानखुर्दच्या पक्क्या घरांत गेली. एकीने दुसरीच्या घरासाठी खपावे, याला दासोह नाही तर काय म्हणावे?

आयदक्की मारय्यांनी एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून येण्यास सांगितले. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांतील प्रत्येक कुलपामागे लोभच आहे असे नाही. पण ज्याचे दुसरे घर केवळ भाव वाढण्याची वाट पाहत बंद आहे, त्याने लक्कम्मांचे बोल स्वतःला उद्देशून ऐकावेत.

त्या भक्तांची पाण्याची चिंता खोटी नाही. पण तिचे उत्तर नव्या लोकांना अडवणे हे नव्हे. जुन्या व नव्या, दोघांनाही पुरेल एवढे पाणी द्या, असा अर्ज त्यांनी लिहावा. त्यावर आम्ही आधी सही करू.

आणि हा प्रश्न मठालाही आहे. आमच्या आवाराची एक बाजू वर्षानुवर्षे मोकळी पडून आहे. येथे शिकायला येणारी मुले राहायला जागा नाही म्हणून परत जातात. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी त्या जागेवर प्रसादनिलय उभारण्याचा विषय येत्या बैठकीत आम्ही स्वतः मांडणार आहोत. आपण त्या बैठकीला यावे. तोवर आपल्या दाराशी उभे राहून एवढेच विचारावे: हे दार आत घेण्यासाठी आहे, की बाहेर ठेवण्यासाठी?

शरणु शरणार्थी.