श्रीखंडाचा डबा

बॉक्सिंगच्या वर्गात नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट हमखास सांगतो. १९२७ साल, न्यूयॉर्क, जॅक शार्की विरुद्ध माइक मॅक्टिग. मॅक्टिग रंगात होता. मध्येच त्याचा दात तुटला, तुटक्या कडेनं ओठ आतून कापला गेला, रक्त थांबेना आणि लढत थांबवावी लागली. मग मी थोडा मागे जातो. लंडनचा वुल्फ क्राउझे नावाचा दातांचा डॉक्टर १८९० मध्येच बॉक्सरांच्या वरच्या दातांवर गटापर्चाची पट्टी बसवून देत होता. गटापर्चा म्हणजे एका झाडाचा वाळलेला चीक. पण असली पट्टी घालून लढणं न्यायाचं की लबाडीचं, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. मॅक्टिगचा ओठ फाटला तेव्हा कुठं लोकांना ती हवीशी वाटू लागली. एवढं सांगून मी खिशातून टीथगार्ड काढून दाखवतो. पोरं गप्प होतात. गोष्ट रंगवून सांगायची मला हौस आहे.

टीथगार्डची दुसरीही एक गोष्ट माझ्याजवळ आहे. तिच्यात न्यूयॉर्क नाही, झेलम एक्स्प्रेस आहे. ती मी आजवर एकाही तुकडीला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

२०११चा मे महिना. हरियाणातल्या एका ज्युनिअर स्पर्धेसाठी मी सात पोरं घेऊन नगरहून निघालो होतो. आदल्या वर्षी एक पोरगा टीथगार्ड घरीच विसरला होता. गार्ड नसेल तर रेफ्री रिंगमध्ये उभं करत नाही. ते पोर हात बांधून कोपऱ्यात बसलं आणि समोरच्याला वॉकओव्हर मिळाला. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून स्टेशनवरच मी पिशवीतून किलोचा श्रीखंडाचा डबा काढला आणि म्हणालो, "सगळी गार्डं इकडं आणा. एक जरी हरवलं तर बघा."

सहा जणांनी टाकली. अठ्ठेचाळीस किलोचं पोरगं मात्र घुटमळलं. (आम्ही मुलांना वजनानंच ओळखतो, आणि त्याचं नाव इथं लिहायचा मला हक्कही नाही.) त्यानं बॅगेतून साबणाची डबी काढली. खाली भोकं असलेली, पाणी निथळणारी, बाजारात दहा-पंधरा रुपयांना मिळते ती. आत त्याचं गार्ड होतं, कोरडं ठणठणीत.

"सर, माझं यातच ठेवतो. भोकं आहेत, वाळतं."

मी म्हणालो, "लढायला चाललास का अंघोळीला?"

सगळे हसले. तोही हसला आणि गार्ड माझ्या डब्यात टाकलं. रिकामी डबी मात्र त्यानं परत बॅगेत नीट ठेवली, तीही दोनदा पुसून. ते पुसणं मला आजही दिसतं.

त्याच संध्याकाळी सराव झाला होता. कुणी गार्ड धुतलं होतं, कुणी नुसतंच चड्डीला पुसलं होतं. वाळून कडक होतील म्हणून मी शहाण्यासारखं वरून थोडं पाणीही ओतलं आणि झाकण दाबून बसवलं. सात तोंडांची थुंकी, बंद डबा, मे महिना. दुसऱ्या दिवशी भोपाळ ते झाशी या पट्ट्यात स्लीपरचा पत्रा असा तापला होता की खिडकीच्या गजाला हात लाववत नव्हता. श्रीखंडाचा डबा माझ्या उशाशी. पोरांनी दोनदा विचारलं, सर, धुऊन ठेवू का? मी म्हटलं, हात लावू नका.

मुक्कामाच्या ठिकाणी रात्री उशिरा डबा उघडला तर वास आला. शनिवारी दप्तरात राहिलेला डबा सोमवारी उघडल्यावर येतो तसा, आंबट. पाण्यावर पातळ साय धरली होती आणि गार्डं बोटांना बुळबुळीत लागत होती. पोरं अंथरुणं घालत होती. मी डबा पाठीमागे लपवून खाली गेलो. कुणाला काही बोललो नाही. खरा दोष तिथून सुरू झाला, असं मला आता वाटतं. डब्यापर्यंतचा भाग मूर्खपणात जमा होईल. लपवणं त्यात बसत नाही.

कोपऱ्यावर चहाची गाडी होती. चहावाल्याकडून किटलीभर उकळतं पाणी घेतलं आणि ओतलं डब्यात. उकळत्या पाण्यानं सगळं मरतं, एवढंच डोक्यात. आता यातली गंमत म्हणा किंवा लाज म्हणा: दुकानात मिळणारं गार्ड दातांवर बसवतात ते मुळी उकळत्या पाण्यानंच. अर्धा-एक मिनिट पाण्यात धरायचं, मऊ झालं की वरच्या दातांवर ठेवून चावायचं, ओठांनी-जिभेनी दाबायचं, मग गार पाण्यात. ईव्हीए नावाचं प्लास्टिक ते, चपलांचे हलके तळवे होतात त्याच जातीचं. उष्णता लागली की ते आपला आकार विसरतं. म्हणून धुताना गार किंवा जेमतेम कोमट पाणी आणि मऊ ब्रश, उन्हात ठेवायचं नाही, बंद गाडीत ठेवायचं नाही. हे मी स्वतः प्रत्येक पोराला सांगत आलोय. त्या सातांपैकी पाच गार्डं तर मीच बसवून दिली होती. आणि मीच किटली ओतली.

जाड गार्डं वाचली. तीन पसरली. अठ्ठेचाळीस किलोचं सगळ्यांत स्वस्त आणि पातळ होतं, त्याच्या कडा वळल्या. मी अंगठ्यानं दाबून दाबून सरळ केलं. निळी दोन होती, कुणाचं कुठलं ते कळेना. सकाळी दोघांनाही सांगितलं, "घाला रे, दोन्ही निळीच आहेत." पंधरा वर्षांच्या दोन पोरांना एकमेकांची गार्डं तोंडात घालायला लावली असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. त्यांनी काही विचारलं नाही. सरांवर विश्वास होता.

लढतीआधी अठ्ठेचाळीस किलो म्हणाला, "सर, ढिलं लागतंय."

"दातांत धर घट्ट."

ज्यांनी टीथगार्ड कधी घातलं नाही त्यांना या वाक्यातला मूर्खपणा कळायचा नाही. चांगलं बसलेलं गार्ड तोंड उघडलं तरी वरच्या दातांना चिकटून राहतं. ढिलं असेल तर ते धरायला जबडा सतत आवळावा लागतो, मग तोंडानं श्वास घेता येत नाही, आणि दोन मिनिटांच्या राउंडमध्ये शेवटची तीस सेकंदं फुफ्फुसं नुसती भीक मागतात. दुसऱ्या राउंडला त्यानं श्वासासाठी तोंड उघडलं आणि गार्ड बाहेर पडलं. रेफ्रीनं थांबवून त्याला माझ्या कोपऱ्यात आणलं. मी बाटलीच्या पाण्यानं गार्ड धुतलं, त्यानं आ केला, मी बसवलं. दहा सेकंदांचं काम. त्या दहा सेकंदांत आमची नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांत तक्रार असती तर बरं झालं असतं. तिथं माफी होती. पुन्हा पडेल म्हणून तो माझी माफी मागत होता.

पुन्हा पडलंच. पडता पडता समोरच्याचा उजवा बसला. पुढच्या दाताचा कोपरा तुटला, तांदळाच्या कणीएवढा. ओठ आतून फाटला. लढत हरला.

परतीच्या गाडीत मी त्याला बर्फ दिला, ज्यूस पाजला, खिडकीची जागा दिली. डब्याबद्दल बोललो नाही. नगर स्टेशनवर त्याची आई आली होती. भाजीचा गाळा तसाच कुणाच्या तरी भरवशावर सोडून आली असणार, हाताला मेथीचा वास होता. तिनं पोराची हनुवटी धरून दात बघितला आणि मला विचारलं, "कसं झालं वो सर?"

मी म्हणालो, "गार्ड नीट सांभाळलं नाही त्यानं."

हे वाक्य मी विचार करून बोललो नव्हतो. पण ते अडखळलंही नाही, सरळ बाहेर आलं. पोरगं खाली बघत राहिलं. त्याच्या बॅगेत ती रिकामी साबणाची डबी होती. आईनं त्याच्या पाठीत हलकीच एक चापट मारली. "दोनशे रुपये झाडाला लागतात का रे?"

इतक्या वर्षांत मी माझ्या बाजूनं बरेच साक्षीदार उभे केले. समोरचा पोरगा तयारीचा होता. गार्ड घट्ट असतं तरी हा कदाचित हरलाच असता. गार्ड घट्ट असूनही दात तुटतात. खरं आहे. पुढं कधीतरी वाचलं की अमेरिकेत ओक्लाहोमाच्या रिचर्ड ग्लास या संशोधकानं खेळाडूंची वापरलेली गार्डं तपासली, तर त्यांत जिवाणू सापडले, यीस्ट सापडलं, बुरशीही सापडली; गार्ड जुनं होईल तसं ते आतून सच्छिद्र होतं आणि मग वरवर धुऊन भागत नाही. ते वाचून मला क्षणभर बरंच वाटलं. म्हणजे हे शास्त्र होतं तर, मला बापड्याला कुठून ठाऊक असणार! पण वास मला आला होता. नाकाला कुठल्या संशोधनाची गरज नव्हती. वास आल्यावरच तर मी डबा पाठीमागे लपवला.

आणि मुळात डबा तरी का? गार्ड हरवू नये म्हणून, हे अर्धंच खरं. दुसरं अर्धं असं की रिंगजवळ डबा उघडून एकेकाला गार्ड काढून देताना मला मोठं वाटणार होतं. सगळं माझ्या हातून जायला हवं. त्या पोराची साबणाची डबी मला खुपली ती एवढ्यासाठी की त्यानं माझ्याशिवाय विचार केला होता, आणि माझ्यापेक्षा बरा केला होता.

आता वर्गात नियम आहे. ज्याचं गार्ड त्याच्याकडे, भोकं असलेल्या डबीत. वापरलं की गार पाण्यानं धुवायचं, झटकायचं, वाळवायचं, मगच बंद करायचं. प्रवासात बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, टिश्यूत गुंडाळून कधीच नाही, कारण टिश्यू कचऱ्यात जातो. चावून चावून कडा कुरतडल्या की नवीन घ्यायचं. दर शनिवारी मी डब्या तपासतो. पालक कौतुक करतात, सर फार काटेकोर आहेत म्हणतात. मी मान हलवतो.

अठ्ठेचाळीस किलोनं पुढं दोन वर्षांत बॉक्सिंग सोडलं. आता चाकणला कंपनीत आहे, दाताला कॅप बसवलीय. भेटला की वाकून पाया पडतो. एकदा मी म्हणालो, "अरे, ते हरियाणाचं..." तो म्हणाला, "जाऊ द्या सर, पोरवय होतं, माझंच चुकलं." त्याला खरंच तसं वाटतं. ते त्याला मीच पढवलंय. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला.

त्याची आई अजून बाजारात बसते. मी तिच्याकडूनच भाजी घेतो, थोडा वळसा पडतो तरी. पैसे मोजून झाले की ती कोथिंबिरीची एक जुडी वरून पिशवीत टाकते. परवाही टाकली. मी दहाची नोट पुढं केली तर हात मागे घेऊन म्हणाली, "तुमच्याकडनं घेते व्हय सर? पोराला वळण तुम्हीच लावलं."

मी नोट खिशात ठेवली आणि जुडी घरी आणली.